कापडाच्या रंगाचं पाणी उन्हात साफ करणारी पांढरी पूड: 'डोप्ड' टायटॅनियम डायऑक्साइडचा विषय नेमका काय आहे?

तामिळनाडूतलं तिरुपूर म्हणजे टीशर्ट आणि बनियनचं गाव. इथला होजिअरीचा माल जगभर जातो. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एक आदेश दिला आणि या शहरातले रंगाईचे सातशेच्या आसपास कारखाने बंद करावे लागले. त्यांचं सांडपाणी एकत्र साफ करणारी केंद्रंही बंद झाली.

कारण होतं नोय्यल नदी. रंगाईचं पाणी वर्षानुवर्षं या नदीत जात होतं. नदीवर शेतीसाठी ओरथुपालयम धरण बांधलं होतं, १९९२ मध्ये. काही वर्षांतच त्या धरणात कारखान्यांचं पाणी साठलं आणि ज्यांच्यासाठी धरण बांधलं त्या शेतकऱ्यांनाच ते पाणी नकोसं झालं. शेतकरी कोर्टात गेले आणि शेवटी कारखान्यांना टाळं लागलं.

महाराष्ट्राला हे दृश्य नवीन नाही. इचलकरंजीत पंचगंगेच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं ओरड होते. २०१७ मध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत भटकी कुत्री निळी पडल्याचे फोटो जगभर फिरले होते.

अशा वेळी सोशल मीडियावर एक व्हिडीओ हमखास दिसतो. बीकरमध्ये गडद निळं पाणी असतं. त्यात चिमूटभर पांढरी पूड टाकतात, बीकर उन्हात ठेवतात आणि थोड्या वेळाने पाणी काचेसारखं स्वच्छ. खाली कमेंट्स येतात, "एवढं सोपं आहे तर नद्या का साफ करत नाहीत?"

प्रश्न रास्त आहे. ती पूड खरी आहे आणि तिच्यामागचं विज्ञानही खरं आहे. पण पाण्याचा रंग जाणं आणि पाणी स्वच्छ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळी मेख तिथेच आहे.

आधी हे समजून घेऊ, रंग पाण्यात येतो कुठून?

सुती कापडासाठी बहुतेक वेळा 'रिॲक्टिव्ह' प्रकारचे रंग वापरतात. हे रंग धाग्याशी रासायनिक बंध तयार करतात, म्हणून धुतल्यावर सहज जात नाहीत. पण टाकलेला सगळा रंग धाग्याला चिकटत नाही. रंग कोणता, छटा किती गडद आणि पद्धत कोणती यानुसार १० ते ५० टक्के रंग पाण्यातच राहतो आणि सांडपाण्याबरोबर बाहेर पडतो.

त्यात मीठही असतं. पाण्यात सुती धागा आणि रंग या दोघांवरही ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. हा दुरावा कमी करायला रंगाच्या टाकीत मीठ घालतात. गडद छटेसाठी हे प्रमाण लिटरमागे ४० ते ८० ग्रॅमपर्यंत जातं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, यावरून अंदाज करा. हे मीठ लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

रंग मात्र अगदी थोडा असला तरी दिसतो. काही रंग लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असले तरी डोळ्यांना कळतात. पाणी रंगीत झालं की खाली ऊन पोहोचत नाही आणि पाण्यातल्या शेवाळ-वनस्पतींचं काम मंदावतं.

मग हा रंग साध्या प्रक्रियेत का जात नाही?

कारण तो जाऊ नये म्हणूनच बनवलेला असतो. ऊन, साबण, घाम या सगळ्याला टिकणारा रंग म्हणजे चांगला रंग. जो रेणू उन्हाला आणि साबणाला दाद देत नाही, तो सांडपाणी केंद्रातल्या जिवाणूंनाही सहजी दाद देत नाही.

तुरटीसारखी रसायनं टाकून रंग खाली बसवता येतो, पण मग रंगीत गाळ उरतो. कोळशाच्या भुकटीत रंग शोषून घेता येतो, पण मग तो कोळसा कुठे टाकायचा? थोडक्यात, घाण इकडची तिकडे होते, संपत नाही.

आणखी एक धोका आहे. बाजारातल्या रंगांमध्ये मोठा वाटा 'अझो' रंगांचा आहे. त्यांच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. ऑक्सिजन नसलेल्या गाळात जिवाणू हा बंध तोडतात तेव्हा रंग उडतो, पण मागे 'ॲरोमॅटिक अमाइन' नावाची संयुगं उरतात. त्यातली काही कर्करोगाला कारण ठरतात. म्हणजे पाणी दिसायला स्वच्छ आणि आतून आधीपेक्षा वाईट, असंही होऊ शकतं. म्हणूनच रंग नुसता फिका करून भागत नाही, रेणू मुळापासून मोडावा लागतो.

इथे टायटॅनियम डायऑक्साइडची एंट्री होते

नाव अवघड आहे, पण वस्तू रोजच्या वापरातली आहे. भिंतीच्या पांढऱ्या रंगात, टूथपेस्टमध्ये, सनस्क्रीनमध्ये जो शुभ्र पांढरेपणा असतो तो बऱ्याचदा याच पुडीचा असतो. ती इल्मेनाइट नावाच्या खनिजापासून बनते. केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत हे खनिज भरपूर आहे, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे.

या पुडीची एक खोड रंग बनवणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होती. ऊन खाणाऱ्या भिंतीवरून हात फिरवला की खडूसारखी पांढरी पूड हाताला लागते. उन्हात टायटॅनियम डायऑक्साइड आपल्या भोवतालचाच चिकट पदार्थ हळूहळू कुरतडतं, हे त्यामागचं एक कारण. म्हणून आज रंगात घालायच्या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचा थर देऊन ही खोड दाबून टाकतात.

जपानमध्ये मात्र याच खोडीतून मोठं संशोधन उभं राहिलं. टोकियो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा आणि त्यांचे मार्गदर्शक केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात ठेवून त्यावर अतिनील किरण टाकले. पाण्याचं विघटन होऊन ऑक्सिजन आणि हायड्रोजन निघू लागला. १९७२ मध्ये हे काम 'नेचर'मध्ये छापून आलं आणि जगभरातल्या प्रयोगशाळा या पुडीच्या मागे लागल्या. पाच वर्षांनी, १९७७ मध्ये, अमेरिकेत फ्रँक आणि बार्ड यांनी दाखवलं की याच पद्धतीने पाण्यातलं सायनाइड मोडता येतं. पाणी शुद्ध करण्याची वाट इथून उघडली.

ही पूड रंग मोडते कशी?

एक घर डोळ्यांसमोर आणा. खाली खोली आणि वर उंच माळा, मध्ये जिना नाही. टायटॅनियम डायऑक्साइडमधले इलेक्ट्रॉन खालच्या खोलीत असतात. माळ्यावर जायचं तर एका उडीत जावं लागतं. ही उंची आहे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट. प्रकाशाच्या एका कणात तेवढी ऊर्जा असेल तरच उडी जमते.

इलेक्ट्रॉन वर गेला की खाली त्याची रिकामी जागा उरते. विज्ञानात तिला 'होल' म्हणतात. ही रिकामी जागा पाण्याच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढते आणि त्यातून तयार होतो 'हायड्रॉक्सिल रॅडिकल'. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो आणि त्यातूनही आक्रमक कण तयार होतात.

हायड्रॉक्सिल रॅडिकल क्लोरीन आणि ओझोनपेक्षाही तिखट ऑक्सिडीकारक आहे. समोर जो सेंद्रिय रेणू येईल त्याचा तो लचका तोडतो. पुरेसा वेळ मिळाला तर रंगाच्या मोठ्या रेणूचे लहान तुकडे होतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रेट-सल्फेटसारखे साधे क्षार उरतात. या सगळ्यात पूड स्वतः खर्च होत नाही. म्हणून तिला 'फोटोकॅटॅलिस्ट' म्हणतात, म्हणजे प्रकाशावर चालणारा उत्प्रेरक.

एवढं छान आहे तर अडलं कुठे?

पहिली अडचण आहे उडीची उंची. ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश, म्हणजेच अतिनील. जमिनीवर येणाऱ्या उन्हाच्या ऊर्जेत त्याचा वाटा जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास असतो. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन घेतलं तरी बाकीचा सगळा प्रकाश या पुडीच्या दृष्टीने वाया जातो.

दुसरी अडचण म्हणजे वर गेलेला इलेक्ट्रॉन तिथे टिकत नाही. बहुतेक इलेक्ट्रॉन काही नॅनोसेकंदांत, कधी त्याही आधी, पुन्हा खालच्या रिकाम्या जागेत पडतात. प्रकाश मिळाला, पण त्याची नुसती उष्णता झाली आणि कामाचं काहीच झालं नाही.

या दोन अडचणींवर उतारा म्हणून 'डोपिंग' आलं.

डोपिंग म्हणजे काय?

खेळाडूंचं डोपिंग नव्हे. इथे स्फटिकात मुद्दाम दुसऱ्या मूलद्रव्याचे थोडेसे अणू मिसळतात. टायटॅनियमच्या काही अणूंच्या जागी लोह किंवा व्हॅनेडियम येतं, नाहीतर ऑक्सिजनच्या काही अणूंच्या जागी नायट्रोजन, कार्बन किंवा गंधक. प्रमाण अगदी कमी, भाजीतल्या हिंगासारखं.

घराच्या उदाहरणात हे म्हणजे खोलीत एक स्टूल ठेवण्यासारखं आहे. आता एका उडीत माळा गाठायची गरज नाही, कमी ताकदीचा प्रकाशही कामाला येतो. पांढरी पूड पिवळसर दिसू लागते, कारण ती आता निळा-जांभळा प्रकाशही शोषते.

२००१ मध्ये टोयोटाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या र्योजी असाही आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये नायट्रोजन मिसळलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर निबंध प्रसिद्ध केला. ५०० नॅनोमीटरच्या आतल्या दृश्य प्रकाशात ही पूड काम करते, असा त्यांचा दावा होता. त्यानंतर या विषयावर शोधनिबंधांचा पूर आला. भारतीय विज्ञान संस्थेपासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापर्यंत आपल्याकडेही अशा पुडींवर काम झालं आहे.

बनवायची एक पद्धत फार अवघड नाही. टायटॅनियमच्या संयुगापासून जेल तयार करतात, त्यात युरिया किंवा लोहाचा क्षार मिसळतात आणि भट्टीत ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवतात. तापमान खूप वाढलं तर स्फटिकाची जात बदलते. 'अनाटेज' हा जास्त क्रियाशील प्रकार जाऊन 'रुटाइल' होतो.

पण स्टूल जास्त झाले तर? मग वर चढणारा इलेक्ट्रॉन त्यांनाच अडखळतो आणि तिथूनच खाली पडतो. म्हणजे दुसरी अडचण कमी होण्याऐवजी वाढते. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये २१ धातूंची अशी तुलना झाली. ही चाचणी रंगांवर नव्हती, क्लोरोफॉर्मसारख्या रसायनांवर होती. लोह आणि व्हॅनेडियमसारख्या काही धातूंनी अर्ध्या टक्क्याच्या आत असताना पुडीची ताकद वाढवली, तर कोबाल्ट आणि ॲल्युमिनियमने ती कमी केली. म्हणजे डोपिंग केलं की फायदा होणारच, असं नाही.

आता खरी मेख

रंग मोडण्याच्या प्रयोगांत सर्वाधिक वापरला जाणारा रंग म्हणजे मिथिलीन ब्लू. स्वस्त आहे, सहज मिळतो, गडद निळा आहे आणि किती फिका झाला हे साध्या यंत्रावर मोजता येतं. अतिनील प्रकाशातल्या चाचणीसाठी त्याचं आयएसओ मानकही आहे. २००१ च्या त्या गाजलेल्या निबंधातही हाच रंग होता.

पण दृश्य प्रकाशात एक गोची होते. रंग हा रंग दिसतो कारण तो स्वतः दृश्य प्रकाश शोषतो. मग प्रकाश पुडीने शोषला की रंगानेच, हे कसं ठरवायचं? मिथिलीन ब्लू स्वतः प्रकाश घेऊन आपला इलेक्ट्रॉन पुडीला देऊ शकतो आणि त्या भानगडीत स्वतःच फिका पडू शकतो. २००६ मध्ये जपानच्या होक्काइदो विद्यापीठातल्या बुन्शो ओहतानी यांच्या गटाने हा प्रश्न थेट विचारला. दृश्य प्रकाशात पूड चालते की नाही हे ठरवायला मिथिलीन ब्लू योग्य नाही, असं त्यांनी दाखवून दिलं.

शिवाय मिथिलीन ब्लू न मोडताही बिनरंगी होतो. त्याला इलेक्ट्रॉन मिळाले की तो 'ल्यूको' रूपात जातो, म्हणजे रेणू तोच पण रंग गायब. हवा लागली की निळा रंग परत येतो. आणखी एक गंमत म्हणजे काही पुडी रंग नुसता पृष्ठभागावर चिकटवून घेतात. बीकर स्वच्छ दिसतो आणि रंग तळाशी बसलेल्या पुडीत असतो.

बीकरमधलं यश नाल्यात का येत नाही?

प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात लिटरमागे १०-२० मिलिग्रॅम एकच रंग घेतलेला असतो. कारखान्याच्या पाण्यात अनेक रंग, साबण, खळ, तेल आणि भरपूर मीठ असतं. यातून चार प्रश्न उभे राहतात.

एक, पाणी इतकं गडद असतं की ऊन वरच्या थरातच अडकतं आणि खालच्या कणांपर्यंत प्रकाश पोहोचत नाही.

दोन, हायड्रॉक्सिल रॅडिकल निवड करत नाही. पाण्यातले क्लोराइड आणि कार्बोनेट त्याला मध्येच गाठतात आणि रंगाच्या वाट्याला कमी येतो.

तीन, पूड इतकी बारीक असते की पाण्यातून परत काढणं हेच मोठं काम होऊन बसतं. ती नदीत जाऊ देणं परवडणारं नाही. २०२२ मध्ये युरोपियन युनियनने खाद्यपदार्थांत टायटॅनियम डायऑक्साइड वापरायला बंदी घातली, कारण ते पोटात गेल्यावर जनुकांना इजा होण्याची शक्यता नाकारता येत नव्हती. म्हणून पूड काचेवर किंवा जाळीवर पक्की बसवण्याचे प्रयत्न होतात, पण मग पाण्याशी संपर्क कमी होतो आणि वेग घटतो.

चार, रंग पूर्ण मोडला तरी मीठ जसंच्या तसं राहतं. ही पूड सेंद्रिय रेणू मोडते, मिठाला काहीच करत नाही.

मग हे सगळं निरुपयोगी आहे का?

मुळीच नाही. स्पेनमधल्या अल्मेरिया इथल्या सौर संशोधन केंद्रात उन्हावर चालणाऱ्या अशा जलशुद्धीकरणावर १९९० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणात काम सुरू आहे. तिथे वाकवलेल्या आरशांनी नळ्यांवर ऊन टाकून त्यातून पाणी फिरवतात. २००१ पासून बाजारात आलेल्या स्वतःच साफ होणाऱ्या खिडकीच्या काचांमध्येही हेच तत्त्व आहे.

रंगाईच्या पाण्यात या पुडीची योग्य जागा बहुधा शेवटच्या टप्प्यावर आहे. आधी जिवाणूंच्या टाकीत बरीचशी घाण कमी करायची आणि उरलेला हट्टी रंग पुडीने मोडायचा.

तिरुपूरने वेगळा मार्ग घेतला. तिथे 'झिरो लिक्विड डिस्चार्ज' म्हणजे एक थेंबही बाहेर न सोडण्याची अट आहे. त्यासाठी जिवाणूंची प्रक्रिया, मग आरओ आणि उरलेलं खारट पाणी आटवून मीठ परत मिळवणं, असा सगळा खटाटोप करावा लागतो. हे महागडं आहे आणि वीजही खूप खातं. पण तिथल्या शेतकऱ्यांचं नुकसान एकट्या रंगाने झालं नव्हतं, मिठानेही झालं होतं. खारट पाण्याने जमीन आणि विहिरी बिघडल्या. ते पाणी बीकरमध्ये कितीही नितळ दिसलं असतं तरी पिकाला चाललं नसतं.

पुढच्या वेळी असा व्हिडीओ दिसला तर हे विचारा

१. पूड टाकून बीकर आधी अंधारात ठेवला होता का? अंधारातही रंग कमी झाला तर तो मोडला नाही, चिकटला.

२. पूड न टाकता नुसतं उन्हात ठेवलेलं पाणी बाजूला होतं का? काही रंग उन्हाने आपोआप फिके होतात.

३. फक्त रंग मोजला की पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बनही मोजला? कार्बन कमी झाला तरच रेणू खरोखर मोडला.

४. खरं ऊन होतं की अतिनील दिवा? दिवा असेल तर विजेचा खर्च किती?

५. तीच पूड किती वेळा वापरली आणि दरवेळी तिची ताकद किती उरली?

६. पाणी नळाचं होतं की कारखान्याच्या नाल्याचं?

७. शेवटी उरलेल्या पाण्यात मीठ किती होतं?

या सात प्रश्नांची उत्तरं ज्या संशोधनात मिळतात ते शेअर करण्यासारखं आहे. उत्तरं नसतील तर त्या व्हिडीओतून पाण्याचा रंग गेला एवढंच कळतं. ते पाणी शेताला द्यायचं की नाही, हे त्यावरून ठरवता येत नाही.